शिवणीतली माया आणि नऊ महिन्यांचा हिशेब

शिंप्याकडे ब्लाउज टाकताना आधीच्या पिढीतल्या बायका एक वाक्य न विसरता जोडायच्या, ‘आत माया ठेवा.’ शिवणीच्या आतल्या बाजूला दुमडून राखलेलं जादा कापड म्हणजे माया. बाई अंगाने भरली की टीप उसवायची, अर्धा-पाऊण इंच सोडायचा आणि पुन्हा टीप मारायची. बाळंतपणानंतर अंग उतरलं की तीच टीप परत आत. एकेक ब्लाउज लग्नापासून दुसऱ्या बाळंतपणापर्यंत चालायचा. तयार कपड्यांच्या कारखान्यात कापडाचा इंच न् इंच मोजलेला असतो, त्यामुळे आजच्या कुर्त्यांच्या शिवणीत ही माया फारशी उरलेली नाही. गरोदरपणातल्या कपड्यांचा खर्च वाढला त्याचं एक कारण या दुमडीत आहे.

मीरा रोड पूर्वेचा बेव्हर्ली पार्क हा भाग गरोदरपणाच्या खर्चाच्या प्रश्नाकडे बघायला योग्य आहे. बोरिवली-अंधेरीत घर परवडत नाही म्हणून दहिसर चेकनाका ओलांडून मीरा रोडला आलेली कुटुंबं इथल्या इमारतींमध्ये राहतात. घराचा हप्ता नाहीतर भाडं, सोसायटीचा मेंटेनन्स, लोकलचे पास, गावी पाठवायचे चार पैसे, एवढं गेल्यावर जे उरतं त्यात नऊ महिने आणि पुढचं वर्ष बसवायचं असतं. ही माणसं स्वतःला गरीब समजत नाहीत, म्हणून सरकारी योजना दुसऱ्या कुणासाठी आहेत असं धरून चालतात. आणि खासगी हॉस्पिटलचं बिल हातात पडलं की मुदत ठेव मोडायला निघतात. काटकसर कुठे करावी आणि कुठे मुळीच करू नये, हे अशाच घरांना नीट कळायला हवं.

आधी कपड्यांचं बोलू. खर्चाच्या मानाने ही बाब लहान, पण डोळ्यांना रोज दिसणारी, म्हणून पैसे इथेच आधी जातात.

पहिल्या तीन-साडेतीन महिन्यांत नवा कपडा लागत नाही. पोट दिसू लागतं ते चौथ्या-पाचव्या महिन्यात, पहिलटकरणीचं बरेचदा त्याहून थोडं उशिरा. नऊ महिन्यांत वजन साधारण दहा-बारा किलोंनी वाढतं आणि त्यातली बहुतेक वाढ उत्तरार्धातली असते. खास कपड्यांची खरी गरज म्हणजे चार-पाच महिने. दुसऱ्या महिन्यात उत्साहाने मागवलेली पॅंट आठव्या महिन्यात बसेल याची खात्री कुणी देऊ शकत नाही. थांबावं, आणि लागेल तसं एकेक घ्यावं.

अमेरिकेत हा स्वतंत्र धंदा उभा राहिला तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. न्यूयॉर्कमध्ये शिवणकाम करणाऱ्या लेना ब्रायंट या बाईने कमरेला इलॅस्टिक घातलेला झगा शिवला आणि गरोदर बायका तो मागायला लागल्या. तिकडे अंगासरशी बेतलेले कपडे होते, म्हणून वेगळ्या कपड्याची गरज पडली. आपल्याकडे साडीला माप नसतं. चार निऱ्या कमी घेतल्या की तीच साडी नवव्या महिन्यात नेसता येते. सलवारीला नाडी असते, आणि बाजारात कितीही महाग पॅंट मिळाली तरी नाडीइतकी पोटाशी जुळवून घेणारी वस्तू क्वचितच सापडेल. घरात गाऊन तर ठाण्या-मुंबईत सगळ्याच बायका घालतात. म्हणजे कपाटात निम्मी सोय आधीच आहे.

उरलेल्या निम्म्याचं काम कोपऱ्यावरचा शिंपी करतो. रोजच्या वापरातला सुती कुर्ता काखेखालपासून दोन्ही बाजूंनी उसवायचा आणि तिथे वर निमुळती, खाली रुंद अशी कळी घालायची. कळीसाठी त्याच ड्रेसची ओढणी वापरली तर रंगही जुळतो. ऑफिसला जाणाऱ्या बाईला ओढणी नसली तरी चालतं. खाली प्रत्येक बाजूला चार-पाच इंच वाढले की कुर्त्याचा घेर आठ-दहा इंचांनी मोकळा होतो. त्याच फेरीत छातीवरच्या उभ्या शिवणींत दोन लपत्या चेन बसवून घ्याव्यात. बाळ झाल्यावर अंगावर पाजायला तोच कुर्ता उपयोगी पडतो. असे तीन कुर्ते, दोन सैल सलवारी आणि पोटावर येणारा रुंद होजिअरीचा पट्टा लावलेली एखादी लेगिंग, एवढ्यात लोकलने नोकरीला जाणाऱ्या बाईचे पाच महिने निघतात. जीन्स सोडवत नसेल तर काजातून रबरबॅंड ओवून बटणाला अडकवायचा आणि वरून लांब कुर्ता. पाचव्या-सहाव्या महिन्यापर्यंत हे निभतं.

नवीन घ्यायचंच तर कापड घेऊन शिवणं अजूनही परवडतं. मंगळदास मार्केट, दादरचं हिंदमाता ही ठिकाणं पश्चिम रेल्वेच्या माणसाला परकी नाहीत, आणि मीरा रोडच्या शांती नगरच्या बाजारात सुती गाऊन आणि कुर्ते मिळतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर ५ टक्के जीएसटी आहे. त्यावरच्या किमतीला १८ टक्के लागतो. बाळाच्या दुधाच्या बाटल्या आणि नॅपी यांच्यावरचा करही त्याच दिवशी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. जुन्या छापील किमतीचा माल पुढे केला तर विचारायला लाजू नये.

दोन वस्तूंत मात्र हात आखडू नये. एक, आतले कपडे. छातीचं माप गरोदरपणात बदलतं, दूध उतरल्यावर पुन्हा बदलतं, आणि घट्ट ब्राने दुखणं वाढतं. आठव्या-नवव्या महिन्यात पाजण्याच्या सोयीच्या दोन चांगल्या ब्रा घेतल्या की आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही खर्च एकात बसतात. दुसरी वस्तू चप्पल. पायांना सूज येते, चालण्याचा तोल बदलतो, आणि पावसाळ्यात स्टेशनचे जिने कसे निसरडे होतात हे सांगायला नको. एक माप मोठी, रबरी तळाची चप्पल ही उधळपट्टी धरू नये.

डोहाळजेवणाचं स्वरूप गेल्या काही वर्षांत फार बदललं. हिरवी साडी, फुलांचे दागिने, ओटी आणि बर्फी की पेढा हा खेळ, एवढ्यावर भागणारा घरगुती सोहळा आता हॉल, सजावट आणि फोटोशूटपर्यंत गेला आहे. हौस वाईट नाही. या दिवसांत बाईचं कौतुक व्हायला हवं आणि ते मनापासून व्हावं. पण एका दुपारच्या फोटोसाठी लांब झगा विकत घेण्यापेक्षा भाड्याने आणावा. सोसायटीच्या आवारात किंवा गच्चीवर कार्यक्रम केला तर हॉलचं भाडं वाचतं. आणि ओटीत येणाऱ्या पाच-सात साड्यांऐवजी मावशी-आत्यांना आधीच सांगून ठेवावं की बाळाच्या गादीचे, मच्छरदाणीचे किंवा सोनोग्राफीचे पैसे तुम्ही उचला. असं सांगणं पहिल्यांदा अवघड वाटतं. आपल्याच माणसांत ते चालून जातं, आणि देणाऱ्यालाही आपलं देणं कामी आल्याचं समाधान मिळतं.

हे काही नवं नाही. सातव्या महिन्यात लेक माहेरी न्यायची, पहिलं बाळंतपण माहेरने करायचं आणि परत पाठवताना बाळंतविडा द्यायचा, ही खर्च वाटून घेण्याचीच रीत होती. झबली, टोपडी, कुंची, दुपटी, लंगोट, मऊ गोधडी, आणि बाळंतिणीसाठी डिंकाचे-अळिवाचे लाडू. यातलं बहुतेक कापड घरातलंच असायचं, पन्नास वेळा धुतलेल्या साड्यांचं. तान्ह्याच्या कातडीला नव्या कोऱ्या कापडाची खळ सोसत नाही, म्हणून जुनं मऊ कापड मुद्दाम निवडलं जाई.

एका साडीत किती लंगोट होतात याचा हिशेब करून बघण्यासारखा आहे. पाचवारी साडी साधारण साडेपाच मीटर लांब आणि सव्वा वार रुंद. पंचावन्न सेंटिमीटरचे चौकोन फाडले तर लांबीत दहा, रुंदीत दोन, म्हणजे वीस चौकोन. प्रत्येकाची तिरपी घडी घातली की एक लंगोट. आजीची नऊवारी असेल तर अठ्ठावीस. कडा दुमडून टीप मारायचीही गरज नाही. फाडलेली कड मऊ राहते, फक्त सुटे दोरे कापून टाकायचे, नाहीतर ते बाळाच्या बोटांना गुंडाळले जातात. जुन्या साड्या बोहारणीला देऊन स्टीलचं पातेलं घ्यायचा विचार घरात कुणी करत असेल, तर सुती साड्या आधी बाजूला काढाव्यात.

डायपरच्या जाहिराती बघताना हा हिशेब जवळ असावा. दिवसाला सहा डायपर आणि एकाला दहा रुपये धरले तर महिन्याचे अठराशे, वर्षाचे एकवीस हजारांच्या वर. मात्र सगळं लंगोटांवर चालवा हा सल्ला मीरा रोडच्या फ्लॅटमध्ये जुलै महिन्यात टिकत नाही. बाल्कनीतली दोरी दोन दोन दिवस ओली असते, आणि दमट लंगोटाने बाळाला पुरळ उठतं. शिवाय ते लंगोट धुणार कोण, हा प्रश्न पैशांपेक्षा मोठा आहे. बहुतेक घरांत उत्तर ‘बाळंतीण’ असं येतं. दिवसा लंगोट आणि रात्री दोन डायपर ही मधली वाट जास्त माणुसकीची. महिन्याचे सहाशेच लागतात आणि आई चार तास सलग झोपते. धुऊन वापरायचे, आत शोषणारा थर असलेले तयार कापडी डायपरही आता मिळतात. सुरुवातीला महाग वाटतात, पण तेच धाकट्या भावंडालाही चालतात.

बाळाचे पहिले कपडे दीड-दोन महिन्यांत आखूड होतात. म्हणूनच ‘जन्माआधी नवं काही आणू नये’ या जुन्या समजुतीमागचं कारण काहीही असो, खिशासाठी ती उपकारक आहे. एवढ्या इमारती एकमेकींना लागून असताना वर्षाभरापूर्वी बाळ झालेलं घर जवळपास सापडतंच. झबली, पाळणा, आंघोळीचा टब, बाबागाडी इकडून तिकडे जावीत. कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवले की झालं. पाळण्याचे स्क्रू आणि पट्टे तेवढे तपासून घ्यावेत.

फिनलंडमध्ये सरकारच बाळंतविडा देतं. १९३८ मध्ये गरीब आयांसाठी सुरू झालेली ही पेटी १९४९ पासून सगळ्यांना मिळू लागली. त्यात बाळाचे कपडे, अंथरूण-पांघरूण असतं आणि खाली छोटी गादी, म्हणजे पेटीचाच बिछाना होतो. मुख्य अट, चौथा महिना संपायच्या आत तपासणीला यायचं. कपड्यांच्या निमित्ताने बाई दवाखान्यात येते, आणि खरं काम तिथे होतं. तामिळनाडूने २०१५ मध्ये सरकारी दवाखान्यात जन्मलेल्या बाळांना सोळा वस्तूंचा संच द्यायला सुरुवात केली, तेलंगणाने २०१७ मध्ये. महाराष्ट्रानेही २०१९ मध्ये सरकारी संस्थेत पहिलं मूल झालेल्या आईसाठी दोन हजार रुपयांच्या बेबी केअर किटची योजना आणली.

आता मोठ्या आकड्यांकडे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या खासगी दवाखान्यांत ४७.४ टक्के बाळंतपणं सिझेरियनने झाल्याचं दिसलं. सरकारी दवाखान्यांत हे प्रमाण १४.३ टक्के होतं. प्रत्येक सिझेरियन अनावश्यक असतं असं कुणीही म्हणू नये, वेळेवर केलेली शस्त्रक्रिया जीव वाचवते. पण आपल्या डॉक्टरांना सातव्या महिन्यातच ‘सिझर कधी लागेल, का लागेल’ हे शांतपणे विचारायचा हक्क प्रत्येक जोडप्याला आहे. तसंच खर्चाचंही. अनेक खासगी हॉस्पिटलांत खोलीचा वर्ग बदलला की खोलीच्या भाड्याबरोबर ऑपरेशन थिएटर, भूल आणि डॉक्टरांची भेट यांचेही दर बदलतात. जनरल, ट्विन शेअरिंग आणि सिंगल अशा तिन्हींचा अंदाज, नॉर्मल आणि सिझर दोन्ही धरून, बाळाला काचेच्या पेटीत ठेवावं लागलं तर रोजचं किती यासकट, लेखी मागावा. राज्याच्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ मध्ये झालेल्या बदलानुसार रुग्णहक्कांची सनद आणि ठरावीक सेवांचे दर हॉस्पिटलात लावावे लागतात.

सरकारी दवाखान्याचा विचार सुशिक्षित घरांत फार चटकन झटकला जातो. भाईंदर पश्चिमेला भारतरत्न पंडित भीमसेन जोशी रुग्णालय हे सरकारी रुग्णालय आहे, आणि महापालिकेची नागरी आरोग्य केंद्रं वस्त्यावस्त्यांत आहेत. २०११ मध्ये सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी संस्थेत येणाऱ्या कुठल्याही गरोदर बाईला, रेशनकार्डाचा रंग न बघता, बाळंतपण मोफत आहे. सिझेरियन, औषधं, तपासण्या, लागलं तर रक्त, नॉर्मलनंतर तीन आणि सिझरनंतर सात दिवसांपर्यंत जेवण, घरापासून दवाखान्यापर्यंत आणि परत गाडी, हे सगळं त्यात येतं. आणि बाळंतपण खासगीत करायचं ठरलं असलं तरी मधल्या गोष्टी सरकारी केंद्रात घेण्याला कुणाची ना नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात चौथ्या महिन्यापासून पुढच्या बायकांची तज्ज्ञांकडून मोफत तपासणी होते. लोहाच्या १८० आणि कॅल्शियमच्या ३६० गोळ्या, धनुर्वाताच्या लसीचे डोस आणि पुढे बाळाचं बीसीजी, पोलिओ, पेंटा, रोटा, न्यूमोकोकल, गोवर-रुबेला हे लसीकरण फुकट आहे. खासगीत याच लसींना हजारो रुपये मोजले जातात.

धर्मादाय हॉस्पिटलांचा रस्ताही लक्षात ठेवावा. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार विश्वस्त संस्थांच्या मोठ्या हॉस्पिटलांना दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात राखाव्या लागतात. वार्षिक उत्पन्नाच्या मर्यादा अनुक्रमे एक लाख ऐंशी हजार आणि तीन लाख साठ हजार. तहसीलदाराचा दाखला आधीच काढून ठेवला तर कळा सुरू झाल्यावर धावपळ होत नाही.

एका खर्चाला सरळ नाही म्हणावं. आठव्या महिन्याच्या सुमारास नाळेतलं रक्त साठवून ठेवायची योजना घेऊन प्रतिनिधी येतात, भावनिक बोलतात, हप्ते करून देतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्वतःच्या मुलासाठी असं खासगी साठवण करण्याला शास्त्रीय आधार नसल्याचं स्पष्ट सांगितलं आहे. घाबरलेल्या आईवडिलांकडून पैसे काढण्याचा हा मार्ग मनाला टोचतो.

आता हक्काच्या पैशांकडे. प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पहिल्या मुलासाठी पाच हजार रुपये दोन हप्त्यांत (नोंदणी आणि तपासणीनंतर तीन, बाळाची जन्मनोंद आणि पहिलं लसीकरण झाल्यावर दोन) आणि दुसरी मुलगी झाली तर सहा हजार मिळतात. पात्रतेच्या यादीत वार्षिक आठ लाखांपेक्षा कमी उत्पन्न असलेलं कुटुंबही आहे. बेव्हर्ली पार्कमधली किती घरं या ओळीत बसतात याचा विचार ज्याने त्याने करावा. सरकारी नोकरीतल्या आणि दुसरीकडून असाच लाभ घेणाऱ्या बायकांना मात्र ही योजना नाही. घरात पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल आणि मुलगी १ एप्रिल २०२३ नंतर जन्मली असेल तर राज्याची ‘लेक लाडकी’ योजना आहे. जन्मानंतर पाच हजार, मग पहिली, सहावी, अकरावीला रकमा, अठराव्या वर्षी पंचाहत्तर हजार, मिळून एक लाख एक हजार.

नोकरी करणाऱ्या बाईला पहिल्या दोन मुलांसाठी सव्वीस आठवड्यांची पगारी रजा आहे हे बहुतेकींना ठाऊक असतं. कंपनीने बाळंतपणाआधीची आणि नंतरची वैद्यकीय सोय फुकट दिली नाही तर साडेतीन हजार रुपये वैद्यकीय बोनस द्यावा लागतो, हे फार थोड्यांना. ही तरतूद १९६१ च्या कायद्यात होती आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. या हक्काची सुरुवात मुंबईतच झाली. गिरणीत उभ्याने राबणाऱ्या बायकांसाठी आर. एस. असवले यांनी मुंबई कायदेमंडळात विधेयक आणलं, २८ जुलै १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच्या बाजूने भाषण केलं, आणि १९२९ मध्ये देशातला पहिला प्रसूतिलाभ कायदा झाला. तेव्हाची रक्कम दिवसाला आठ आणे. एवढ्या खटपटीने मिळालेलं असं सोडून देऊ नये. एचआरला एक मेल करायला पाच मिनिटं लागतात.

कंपनीच्या सामूहिक विम्यात बाळंतपणाचा खर्च बरेचदा धरलेला असतो, एका मर्यादेपर्यंत. स्वतः घेतलेल्या पॉलिसीत मात्र त्यासाठी थांबण्याचा काळ असतो, काहींत दोन, काहींत चार वर्षं. लग्नानंतर लगेच पॉलिसीचं हे पान वाचावं. दिवस राहिल्यावर वाचून उपयोग नसतो.

सगळ्यात काळजीची गोष्ट वेगळीच आहे. घरात पैशांची ओढ लागली की पहिली कात्री बाई स्वतःच्या वाट्याला लावते. फोटोंचे पैसे दिले जातात आणि दुधाची एक पिशवी कमी होते. कुंचीवर लेस लागते आणि रक्ताची तपासणी पुढच्या महिन्यावर जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या त्याच फेरीत देशातल्या ५२ टक्के गरोदर बायकांना रक्ताक्षय असल्याचं दिसलं होतं, आणि त्यात फक्त गरीब घरच्या बायका नव्हत्या. यावर महागडी प्रोटीन पावडर हे उत्तर नाही. नाचणी, शेंगदाणे, गूळ, अंडी, डाळी, पालेभाजीवर पिळलेलं लिंबू आणि न चुकता घेतलेली लोहाची लाल गोळी, चहापासून तासभर लांब. रिक्षाचे तीस रुपये वाचवायला सातव्या महिन्यात दोन पिशव्या घेऊन चालत येणारी बाई पाहिली की नवऱ्याने पुढे होऊन रिक्षा थांबवावी. लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यातून गरोदर बाईला जाता येतं, फर्स्ट क्लासचा पास काढावा लागत नाही. हेही कित्येकींना कुणी सांगितलेलं नसतं.

माहेरी जायचं ठरलं तर १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. डॉक्टरांना विचारून, सातव्या-आठव्या महिन्यापर्यंतच निघावं, पुढे लांबचा प्रवास नको. बॅगेत दोन गाऊन, कळी घातलेले कुर्ते, साडीचे वीस लंगोट. आणि हाताशी, पर्समध्ये, फाईल: माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे रिपोर्ट, रक्तगट, आधार आणि बॅंक पासबुकाच्या प्रती. पहिल्या मुलासाठी मातृ वंदनेचा अर्ज शेवटच्या पाळीपासून ५७० दिवसांच्या आत करायचा असतो, तो गावच्या अंगणवाडीतूनही भरता येतो. कार्डाच्या मागे पेन्सिलने रुग्णवाहिकेचे नंबर लिहून ठेवावेत, १०२ आणि १०८.